वीसपैकी नऊ

३ फेब्रुवारी, सोमवार

रेश्मा आज पुन्हा सांगलीला गेली. धरण्याला! डब्यात भाकरी-खर्डा, पिशवीत छत्री. सूनबाई म्हणावं की मोर्चेकरी, काही कळत नाही. वीरधवल तिकडे सीमेवर पलटणीत, बायको इकडे रस्त्यावर. फोनवर म्हणाला, "आप्पा, तिला अडवू नका. माझ्यापेक्षा जास्त वर्षं लढतेय ती."

खरं आहे. सोळा वर्षं इथल्या हायस्कुलात मराठी शिकवते. आधी कितीतरी वर्षं बिनपगारी, मग वीस टक्के पगार, आता चाळीस. सरकार अनुदानाचा एकेक टप्पा सोडतं, तसा पगार वाढतो. गावात या मास्तरांना नावच पडलंय — चाळीस टक्केवाले! सकाळी म्हटलं, ऊन फार असतं गं. तर हसत म्हणाली, "पस्तिसाला पास, आप्पा! आम्ही काठावर का होईना, पास झालोय. आता फर्स्ट क्लास मागतोय."

पुढचा टप्पा मिळेपर्यंत दहावीच्या तोंडी परीक्षेचे गुण द्यायचे नाहीत, असं या लोकांचं ठरलंय. शाळाशाळांतून गुण अडलेत.

मी पूर्ण पगार घेतला, आता पूर्ण पेन्शन घेतो. याविषयी घरात कधी बोलणं होत नाही.

४ फेब्रुवारी

लालासाहेब आले होते. हायस्कूल चालवणाऱ्या संस्थेचे सचिव. पायरीवरूनच आवाज!

"आप्पा, तोंडी परीक्षेची मुदत संपत आली. तुमी जुने मराठीचे मास्तर. पोरास्नी कविता म्हणायला लावा, आकडे टाका, सुट्टी!"

म्हटलं, माझी सून धरण्यात बसलीय.

"सून संपात हाय. कविता न्हाईत की संपात!"

ऊस आणि राजकारण सोडून या माणसाला काही कळत नाही अशी माझी समजूत. पण वाक्य नेमकं लागलं.

५ फेब्रुवारी

दुपारी डोळा लागला. चौथीचा वर्ग दिसला. गुरुजी टेबलावर बोटांनी ताल धरताहेत, आम्ही सगळी पोरं एका चालीत. शेवटचं कडवं आलं की गुरुजी डोळे मिटायचे — मग आम्ही आवाज आपोआप खाली आणायचो. खिडकीतून काकवीचा वास.

जागा झालो तर माझीच बोटं खाटेच्या माच्यावर वाजत होती.

निवृत्त झाल्यापासून एकाही मुलाने मला कविता म्हणून दाखवलेली नाही.

६ फेब्रुवारी

होय म्हणून कळवलं. रेश्माला सांगितलं नाही. सांगेन.

१० फेब्रुवारी, सोमवार

काय आशेने गेलो होतो! स्वच्छ धोतर, कोट. वर्गात पाय ठेवला आणि खडूच्या वासाने छाती भरून आली. पण पोरं!

पहिलाच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कविता ऑप्शनला टाकलीय." ऑप्शनला! कविता! दुसऱ्याने पहिलं कडवं म्हटलं, मग छताकडे बघत राहिला, जणू उरलेली तिथून गळणार आहे. एकाने तर इतक्या वेगाने म्हटली की मला उंब्रजवरून जाणाऱ्या विनाथांबा गाडीची आठवण झाली.

मग शिवांजली आली. बाप नाही, आई वीटभट्टीवर. बारीक अंगाची, आवाज मात्र खणखणीत. तिला कविता पाठ होती. सगळी! पुस्तकात आहे, 'दिवा लागला दारी, माय वाट पाहते.' ही म्हणते, 'दिवा लागला दारी, आय वाट पाहते.'

थांबवलं. पुस्तकात काय आहे?

"माय."

मग?

"आमच्यात आय म्हनत्यात, सर."

पुन्हा म्हण, म्हटलं. पुन्हा आय! आणि पुढे सगळीकडे 'नाही'चं 'न्हाई'. मात्रा बसतात हो — पण कवीचा शब्द तो कवीचा. आपल्या घरातला तिथे नेऊन ठेवायचा नसतो. वीसपैकी नऊ दिले.

बाळासो क्लार्क शेजारी बसून बघत होता. "आवं आप्पा, नऊ? लय कमी हुतंय. समदीकडं वीसच टाकत्यात."

म्हटलं, मग परीक्षा कशाला घेता?

"त्येच की!" म्हणाला आणि हसला.

सर्वांत जास्त सतरा, तेही एकालाच. खाली सही केली.

११ फेब्रुवारी

रेश्माला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. थापतच राहिली. मला वाटलं, चला, वादळ टळलं! मग उत्साहाच्या भरात मी एकेकाची गंमत सांगायला लागलो. ऑप्शनवाल्याला सात, विनाथांबा गाडीला अकरा.

"आणि शिवांजलीला?"

नऊ. शब्द बदलले तिने.

तिने तवा उतरवला. भाकरी तशीच अर्धी कच्ची.

"आप्पा, लेखी ऐंशीची. दोन्ही मिळून पस्तीस लागतात. तोंडीचे वीस हातात असले की पोरगी लेखीच्या पंधरावर तरते. आता तिनं सव्वीस कुठनं आणायचे?"

माझ्या वेळी तोंडी नव्हतीच. लेखी शंभराची, पस्तिसाला पास, संपलं. हा हिशेब मला कुणी सांगितला नाही. आणि मी विचारलाही नाही.

तरी म्हटलं, खरे गुण द्यायचेच नाहीत का मग?

"साऱ्या जिल्ह्यात खोटे वीस, आनि आमच्याच पोरास्नी तेवढे खरे नऊ! ह्यो कुठला न्याय?" चिडली की तिच्या तोंडची शाळेची भाषा गळून पडते, माहेरची वर येते. "नापास झाली तर मामा तिला अकरावीला न्हेनार न्हाई. आय भट्टीवर घालील तिला. आवं, पोरगी आपल्या आयला आय म्हनली, त्येचे गुन कापले तुमी?"

मी पाटावरून उठलो.

"आनि माझा संप मोडला, त्ये ऱ्हाऊ द्या. त्ये मी बोलतच न्हाई."

बोललीच की.

१३ फेब्रुवारी

शाळेत गेलो. म्हटलं, यादी जरा परत बघू द्या. लालासाहेब म्हणाले, "आता खाडाखोड नको, आप्पा. तुमचे आकडे आले आणि इथल्या संपाची हवाच गेली! पेपरात बातमी देतोय — निवृत्त शिक्षक धावले मदतीला. एक फोटो पाठवा."

फोटो दिला नाही. माझा पराक्रम एवढाच.

परत येताना स्वतःलाच विचारलं, यादी हातात आली असती तर काय केलं असतं? नवाचे वीस? नवाचे दहा?

१८ फेब्रुवारी

रेश्मा आज सांगलीला गेली नाही. दुपारी बाहेर पडली, दिवेलागणीला आली. कुठे होतीस विचारलं, तर म्हणाली, "आमटी गरम करू का?"

२१ फेब्रुवारी

दहावीचा मराठीचा पेपर. शिवांजली दारावरून गेली. हाक मारली, कसा गेला?

"गेला, सर."

थांबली नाही.

४ मार्च, मंगळवार

संप मिटला. म्हणजे विझला. सरकारचं पत्र आलं म्हणे — 'सहानुभूतीपूर्वक विचार करू.' चाळीसचे चाळीसच. मंडप सोडला, सतरंज्या गुंडाळल्या, माणसं आपापल्या एस.टी.ला लागली.

रेश्माचा फोन वाजत नाही आता. धरण्यातल्या मैत्रिणी सकाळ-संध्याकाळ फोन करायच्या, हसायच्या, भांडायच्या. आता एकही नाही. काल तिनेच एकीला लावला. पूर्ण वाजून बंद झाला.

माझ्यामुळे. सासरा संपफोड्या, म्हणून तिला वाळीत टाकलंय.

२५ मार्च, मंगळवार

लालासाहेब पुन्हा. या वेळी बसले. रेश्मा आतून आली, दाराशी उभी राहिली.

"आप्पा, बोर्डाला गेलेले गुण तुमचे नव्हंत. समद्यास्नी वीस! बाळासोला दम दिला तवा बोलला. नवी यादी, खाली सही सूनबाईंची."

मी तिच्याकडे पाहिलं. ती लालासाहेबांकडे पाहत होती.

"व्हय," म्हणाली. "मीच वर्गाची बाई हाय. माझ्या पोरांचे गुन मी भरले."

"परवा चौकशी. आप्पा, तुमी एवढंच सांगायचं, हे आकडे माझे नव्हंत. बाकीचं आमी बघतो. माइकवर लय बोलायच्या बाई."

ते गेल्यावर म्हटलं, मला सांगायचंस तरी.

"काय सांगायचं, आप्पा? समदी तिकडं उन्हात बसल्याली, आनि मी गुपचूप शाळेत जाऊन गुन भरत हुते. मीच सांगितलं त्यास्नी. म्हनून कोन फोन उचलत न्हाई माझा. तुमच्यामुळं न्हवं." पदराने ओटा पुसत राहिली, कोरडाच. "संप तुमी न्हाई मोडला. मी मोडला."

२६ मार्च

दिवसभर एकच विचार. उद्या म्हणायचं, वीस माझेच. मीच नंतर वाढवले, सूनबाईने फक्त सही केली. झालं! तिची नोकरी राहील. माझं काय जाणार आहे? पेन्शन कुणी काढून घेत नाही.

आणि तरी जीभ उचलत नाही. आयुष्यभर मराठीत कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत. पोटच्या पोरालाही नाहीत. वीरधवल एकदा बारावा गुण मागत रडला होता, तरी अकरावरच ठेवला. त्यालाच मी शील म्हणत आलो. आज कळत नाही, ते शील होतं की पूर्ण पगाराची ऐट.

आरशापुढे उभा राहून म्हणून पाहिलं. "वीस माझेच." पाठ न झालेल्या पोरासारखा आवाज निघाला. पुन्हा म्हटलं. पुन्हा. संध्याकाळपर्यंत जरा बसलं.

रेश्मा घरात नव्हती. बरंच झालं, म्हटलं.

२७ मार्च

कोट घालून गेलो. चौकशी नव्हतीच. लालासाहेब एकटे, चहा घेत.

"काल सूनबाईंनी राजीनामा लिहून दिला. बोली एकच — बोर्डाला काय कळवायचं न्हाई, पोरांचे वीस तसेच ठेवायचे. आमी कशाला कळवतोय? आमालाबी शंभर टक्के निकाल पायजे की, आप्पा!"

जे घोकून गेलो होतो ते तोंडातच राहिलं.

मग म्हणाले, "जूनपास्नं मराठीला मानूस न्हाई. तुमीच या. पेन्शन हाय तुमाला, पगाराची कटकट न्हाई. पोरास्नी कविता शिकवा निवांत." दहावीचं पुस्तक पुढं सरकवलं. कोरं. मी नुसतं अनुक्रमणिका बघायला उघडलं.

घरापर्यंत कसा आलो, कळलं नाही. दार रेश्माने उघडलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं.