तिच्या नावापुढचं आडनाव

३ मार्च, सोमवार

मूर्खपणा केला. ओळखपत्रं छापायचा प्रोग्राम सध्या माझ्याकडे आहे. कंपनी एवढीशी, त्यामुळे चाचणीलाही कर्मचाऱ्यांची खरीच यादी. तिची नोंद उघडली. ती म्हणजे समोरच्या टेबलावरची टेस्टर, दिवसभर आमच्या चुका शोधून नोंदवणारी. आणि कोडमध्ये एक ओळ घालून तिच्या नावापुढे माझं आडनाव लावलं. नुसतं कसं दिसतं बघायला. शोभलं. बराच वेळ बघत बसलो. एकूण कार्डं किती, ते मोजणारी ओळ खाली होतीच, तीही चालली. सेव्ह कुठेच लिहिलं नाही. मग आडनावाची ओळ पुसली नि घरी आलो.

४ मार्च

ती आज दोनदा माझ्याकडे बघून हसली. उगाच?

६ मार्च, गुरुवार

कार्डं छापून आली. तिच्या कार्डावर माझं आडनाव.

अख्खं ऑफिस गोळा. "आम्हाला कळवायचं तरी," रिसेप्शनवाल्या बाई म्हणाल्या. साहेबांनी तिला नि मला केबिनमध्ये घेतलं. कोणी केलं हे?

माझं डोकं फिरलं. याच डोक्यापायी सरांच्या अंगावर धावून गेलो नि दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं. ही नोकरी गेली तर आईला काय तोंड दाखवू? म्हटलं, "मी सेव्ह केलंच नाही. यादीत बदल करायची परवानगी माझ्याशिवाय एकीलाच आहे."

नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. "मला काही बोलायचं नाही, साहेब."

७ मार्च

तिला काढलं. टेबलावर तिचा कप तसाच.

१० मार्च, सोमवार

आमच्यातले सगळ्यात जुने प्रोग्रामर, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांना विचारलं, न सांगता सेव्ह होतं का?

"अरे बाळा, यादीत लिहिणारं-वाचणारं हे टूल तुझ्या सेव्हची वाट बघत नाही. तू यादीत उघडलेल्या प्रत्येक नोंदीवर त्याची नजर असते. काही मोजायला सांगितलंस, की बदललेलं सगळं ते आधी यादीत लिहितं. नाहीतर मोजणी चुकेल ना. आणि प्रोग्राम धड संपला, की तेच पक्कं करतं. नको असेल तर नको म्हणावं लागतं."

"म्हणजे मीच केलं?"

"मग काय मी?"

तडक साहेबांकडे गेलो. सगळं सांगून टाकलं. त्यांनी तिथूनच तिला फोन लावला. तीनदा. उचलला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिची नोंद दुरुस्त कर. आणि मग तूही घरी बस."

११ मार्च

दुरुस्तीला बसलो. नोंद कोणी कधी उघडली, तेही यादीत दिसतं. चार तारखेला सकाळी साडेनऊला तिने स्वतःची नोंद उघडली होती. दुपारी पुन्हा. पाच तारखेला सहा वेळा.

आडनाव बदलायची परवानगी तिला होती.

चुकांची वही उघडली. त्या दोन दिवसांत तिने माझ्या प्रोग्राममधल्या अकरा चुका नोंदवल्यात. ही त्यात नाही.