सोवळ्यातली फियाट

५ नोव्हेंबर १९७८, रविवार

आनंदराव आज स्वतःची गाडी घेऊन आले! मधुकररावांच्या धरमपेठेतल्या अंगणात आम्ही तिघे नेहमीसारखे बॉनेटं उघडून उभे होतो. मी, मधुकरराव आणि रुपराव. तिघांच्या तीन जुन्या फियाट, फुगऱ्या नाकाच्या, गोल पाठीच्या. लोक त्यांना डुक्कर म्हणतात. मधुकररावांना तो शब्द खपत नाही. मी माझीला वराही म्हणतो. वेदशाळेत घोकलेलं तेवढंच कामी आलं.

तर फाटकातून कोरी पद्मिनी आत. दुधाच्या रंगाची. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून रामटेकला येणारा माणूस आज स्टिअरिंगमागे! माझी वराही छप्पन सालची. आनंदराव नेहमी म्हणतात, "मीही छप्पनचंच मॉडेल." त्यांच्या बौद्ध दीक्षेचं साल ते. जुन्या गाडीवर आमच्याइतकाच जीव. म्हणून वाटलं होतं, घेतील तर डुक्करच घेतील.

मी कौतुकानं दार उघडायला गेलो आणि गुडघ्यावर आपटून घेतलं. आमच्या गाड्यांची पुढची दारं उलटी उघडतात — बिजागऱ्या मागे, मूठ पुढे. सवयीनं उभा राहिलो तो नेमका दाराच्या वाटेत. मधुकररावांनी मडगार्डवर टिचकी मारली. कान लावला. म्हणाले, "आवाज आहे. नाद नाही." आत बसायला काही तयार होईनात.

तेव्हा मला सुचलं. म्हटलं, "आनंदराव, हिची अजून मुंज व्हायची आहे. आमच्या सोवळ्यातल्या गाड्यांना ही शिवली तर त्यांना घरी जाऊन आंघोळ घालावी लागेल."

काय हसले सगळे! रुपरावांना पान आवरेना. आनंदरावही हसले — जरा उशिरानं. बऱ्याच दिवसांनी इतकं नेमकं सुचलं.

७ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी आनंदराव आले नाहीत. मंगळवार कधी चुकवत नाहीत. नव्या गाडीचं कौतुक चाललं असेल.

९ नोव्हेंबर, गुरुवार

मधुकररावांनी बोलावून घेतलं. सव्वीस तारखेला आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाची दर वर्षीची रामटेकची फेरी. त्यांनी ठरवलं आहे — रांगेत जुन्याच गाड्या. नवीन मॉडेल एकही नको. "एक घुसली की रांगेची शोभा गेली. लोक म्हणतील, हे काय, टॅक्सीस्टँड आहे?" आनंदरावांनी जरूर यावं, नेहमीसारखं माझ्या शेजारी बसून. आणि हे त्यांना मी सांगायचं. "तू वार्ताहर ना? मग ही वार्ता पोचव. तुझे शब्द गोड असतात."

रुपराव कोपऱ्यातून म्हणाले, "काहून गा मधुकरराव, मागं लावून द्या न त्याची गाडी. कोण पाहून राहिलं?" मधुकररावांनी ऐकलंच नाही. रुपरावांनीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

मीही हो म्हणून आलो. फेरीचा नियम फेरीच्या मालकानं करावा, यात गैर काय? असं येताना दोनदा स्वतःला सांगितलं. एकदा सांगून भागलं नाही, म्हणजे काहीतरी होतं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

घरी बायकोला, शामलाला, रविवारचा विनोद सांगितला. ती पोळ्या लाटत होती. हसेल म्हणून थांबलो. लाटणं थांबलं.

"हे आनंदरावांसमोर बोललात?"

"गाडीबद्दल होतं ते."

"गाडीला ऐकू येत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

ताटावर बसून ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. सोवळं, शिवणं, आंघोळ. एकाच वाक्यात तिन्ही! आणि ते मला नेमकं वाटलं होतं.

१२ नोव्हेंबर, रविवार

इंदोऱ्याला आनंदरावांकडे जाऊन आलो. अंगणात पद्मिनी चादरीखाली झाकलेली. ओट्यावर त्यांचे वडील बसले होते, गोविंदराव. खांद्यावर फडकं. मी वराही फाटकाशी लावली. त्यांनी उठून रामराम केला, मीही केला.

वाटेत माफीची वाक्यं नीट जुळवली होती. चहा आला आणि माझ्या तोंडून माफीऐवजी नियम बाहेर पडला! गोड शब्दांत. शोभा, परंपरा, मंडळाची शिस्त. आनंदरावांनी सगळं ऐकून घेतलं. बांधकाम खात्यात इंजिनीअर आहेत ते, कंत्राटदारांची भाषणं ऐकायची सवय आहे.

मग म्हणाले, "म्हणजे मी चालतो. माझी गाडी चालत नाही."

"गाडीचाच प्रश्न आहे हो. माणसाचा नाही."

"पंडित, मागच्या रविवारची ती शिवाशिवीची गोष्ट तुम्ही गाडीसोबत केली का माझ्यासोबत?"

मी म्हटलं, चहा छान झाला आहे. वीस वर्षं शब्दांवर पोट भरतो आहे. सापडलं ते एवढंच.

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांच्या वडिलांबद्दल सांगत राहिले. गोविंदराव तरुणपणी गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, कामाला. मालगुजाराची मोटार रामटेकला निघायची तेव्हा पहाटे उठून धुवायचे, पुसायचे, चाकांपर्यंत. "धुवाले चालत होता. बसाले नाही." मग खिडकीकडे बोट केलं. "तुम्ही म्हणत होते न, जुनी डुक्कर पाहून देतो, पक्की असते? ते पाहा."

बाहेर गोविंदराव माझ्या वराहीचं बॉनेट पुसत होते. कुणी सांगितलं नव्हतं. खांद्यावरचं फडकं हातात घेऊन, वाकून, दिव्याची काच, मग नाक, मग मडगार्ड. चेहऱ्यावर काही नाही. हात आपसूक चाललेला.

"जुनी गाडी दिसली का बाचा हात फडक्यावर जाते. म्हणून मी नवी घेतली. हिच्यात आजवर कोणी मालगुजार बसला नाही. तरीही तो बसत नाही. म्हणते, मी पुसून देतो, तू जा. शेवटी मी म्हटलं, बा, सव्वीस तारखेले रामटेकले जाऊ. मोठ्या लोकांच्या गाड्यांच्या रांगेत आपली गाडी राहील, अन् तू पुढच्या सीटवर बसशील. तेव्हा कुठं हो म्हटलं त्यानं. आता काय सांगू? गाडी नवी आहे म्हणून नाही म्हणतात, असं सांगू? त्याले खरं वाटल?"

मी उठलो. फाटकाशी गोविंदरावांनी वराहीचं दार धरून उघडलं. उलट्या बाजूनं, बरोबर. माझ्या गुडघ्याला न लागता.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज मधुकररावांशी बोललो. म्हणजे बोलायला लागलो.

त्यांचं म्हणणं — तत्त्वाचा प्रश्न आहे. माणूस कोण हे ते बघत नाहीत. उद्या सख्ख्या भावानं नवी गाडी आणली तरी नाहीच म्हणतील. मग मला आठवलं! दोन वर्षांपूर्वी त्यांचा पुतण्या भैयाजी फेरीला आला होता, तो पद्मिनीच घेऊन. रांगेच्या बरोबर मधोमध. तिच्या डिकीतल्या पुरणपोळ्या मी खाल्ल्या आहेत. तेव्हा रांगेची शोभा कुणाला आठवली नव्हती, मलासुद्धा नाही.

"ती डब्यांची गाडी होती," मधुकरराव म्हणाले.

"मग हीसुद्धा डब्यांची समजा."

"असं समजत बसलो तर उद्या सगळेच येतील."

"सगळे म्हणजे कोण?"

त्यांनी बॉनेट खाली घातलं. मोठ्यानं. त्यालाच ते नाद म्हणतात.

रुपराव मध्ये पडले — काहून भांडून राहिले गा, सणासारखा दिवस आहे. मग चहा आला. 'तर मग मी येत नाही' हे वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, ते चहाबरोबर खाली गेलं. वाक्य लहान, पण रामटेकची फेरी मीच सुरू केलेली. गडावरच्या वराहाच्या मूर्तीखालून जायची कल्पनाही माझीच. असली कारणं मला पटकन सापडतात.

२५ नोव्हेंबर, शनिवार

वराही धुतली. चाकांपर्यंत. पाठ भरून आली.

२६ नोव्हेंबर, रविवार

गेलो. लिहायलाही लाज वाटते, पण गेलो.

शामला आली नाही. म्हटलं, या वर्षी पुढची सीट रिकामी आहे, चल. म्हणाली, "ती जागा माझी नाही." तीन गाड्या कामठी रस्त्यानं ओळीनं निघाल्या. मधुकरराव पुढे. मनसरला लोक थांबून पाहत होते, पोरं डुक्कर डुक्कर म्हणून ओरडत होती. दर वर्षी मी शेजारी वळून काहीतरी बोलतो. आज तीनदा वळलो.

गडावर आमचा विधी ठरलेला. वराहाची ती भली मोठी दगडी मूर्ती, तिच्या पोटाखालून सरपटत जायचं. पापी माणूस अडकतो अशी लोकांची समजूत. डुकरांच्या मालकांनी डुकराच्या पोटाखालून जावं, ही माझीच गंमत, पहिल्या वर्षीची. मधुकरराव आधी. एवढं पोट, पण लोण्यासारखे पलीकडे निघाले! रुपराव पान सांभाळत निघाले. मग मी. या सर्वांत काटकुळा मीच.

अडकलो.

सदरा पाठीशी कशात तरी गुंतला, एक हात अंगाखाली गेला. पुढेही नाही, मागेही नाही. पलीकडे मधुकरराव पोट धरून हसत होते — "पंडित, कोणतं पाप रे?" मीही हसायला गेलो, पण छाती दगडाला टेकली होती. हसायला जागा नव्हती. दगडाच्या पोटाखालून बाहेरची जमीन तेवढी दिसत होती, आणि तिच्यावर जोडे. नवे, पॉलिश केलेले.

आनंदराव. स्वतःच्या गाडीनं आले होते, आमच्या मागून. (रुपरावांना नंतर म्हणाले म्हणे, या रस्त्याचं डांबर आमच्या खात्यानं टाकलं आहे, कोणतं मॉडेल चालावं असा नियम मी तरी वाचला नाही.) ते उकिडवे बसले. हात पुढे केला, पण वीतभर अंतरावर थांबवला.

"शिवू का, पंडित? का घरी जाऊन आंघोळ करा लागल?"

पलीकडचं हसू एकदम बंद पडलं.

"शिवा," मी म्हटलं.

त्यांनी मनगट धरून ओढलं. सदरा खांद्यापासून फाटला. बाहेर आलो, गुडघे खरचटलेले, तोंडात माती. तसाच उभा राहून बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्या दिवशी ते मी तुम्हालाच म्हणालो होतो. गाडीला नाही."

"मले माहीत होतं," आनंदराव म्हणाले. "तुम्हाले माहीत आहे का, तेवढं पाहाचं होतं."

बस, एवढंच. पाठ फिरवून गाडीकडे गेले. पद्मिनीत मागच्या सीटवर, अगदी कडेला, गोविंदराव बसले होते. मांडीवर घडी केलेलं फडकं. पुढची सीट त्यांचीही रिकामीच. गाडी खिंडसीच्या तलावाकडे उतरून गेली. माझ्याकडे वळून कुणी पाहिलं नाही. पाहावं असं मी काय केलं होतं? जे दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्या घरात, एका कपाच्या अंतरावर बोलायचं, ते डोंगरावर अडकल्यावर बोललो.

२७ नोव्हेंबर, सोमवार

मधुकररावांचा निरोप. चारचौघांत मी मंडळाची मान खाली घातली. पुढच्या रविवारी येऊन मी सर्वांपुढे खुलासा करावा.

निरोप पाठवला — मंडळ तीन गाड्यांचं होतं, आता दोनांचं समजावं. खुलासा वराहाला विचारावा.

सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. मंगळवारी कुणी येणार नाही, हेच डोक्यात.

३ डिसेंबर, रविवार

सकाळी चालत इंदोऱ्याला. पद्मिनीवरची चादर काढलेली, गोविंदराव फडकं ओलं करत होते. मी फडकं मागितलं. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ सोडेनात. मग सोडलं. आनंदराव ओट्यावरून नुसते पाहत राहिले, ना या ना जा. मी बॉनेट धुतलं, दारं धुतली, चाकं धुतली. म्हातारा रिकाम्या हातांनी जरा वेळ उभा राहिला. मग दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसला. आतून काचेवर बोट टेकवून म्हणाला, "इथं राह्यलं."

पुसलं.