भाऊबिजेची मोटार

१७ ऑक्टोबर १९४६, गुरुवार. कडेगाव.
मोटार विट्याच्या चढाला परत ठोकायला लागली. आता आवाज नुसता कानाला नाही, पायाखालच्या फळीलाही कळतो. मागून एक उतारू ओरडला, "तात्या, इंजिनात लोहार बसीवलाय का?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन दोनदा परसाकडे जाऊन आलो.
बेरिंगं गेली. लढाईत पेट्रोल नव्हतं, कोळशाच्या गॅसवर चालवली, मिळेल ते तेल ओतलं, दुसरं काय होणार. नवीन सामान मिळत नाही.
आक्काचा मुलगा दिनकर पलटणीतून सुटून आला. तिथं लॉऱ्या चालवायचा. ऊस नको म्हणतो, मोटार पाहिजे. त्याची ओढ्याकाठची पट्टी आमच्या बांधाला लागून आहे.
नुसतं लिहून ठेवतो.

२० ऑक्टो., रविवार.
मलकापूरला उस्मान मिस्त्रीकडे गेलो. त्यानं स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. म्हणाला, "दोन रस्ते हायत तात्या. बेरिंग बदला, न्हाईतर आवाज दाबा."
दाबायचा कसा?
इंजिनात नेहमीच्या तेलाऐवजी गिअरपेटीचं जाड तेल, वर एरंडेल. गिअरपेटीत लाकडाचा बारीक भुसा. एरंडेल दुसऱ्या तेलात मुरत नाही म्हणे, वेगळं राहतं, तापून तापून त्याचा डिंक होतो. "म्हैनाभर गप बसंल. पुढचं मला इचारू नगा."
म्हटलं, मग घालतोस कशाला?
"तुमी सांगताय म्हून. मयताला अत्तर लावल्यागत हाय हे. वास येत न्हाई, येवढंच."
मेल्याची जीभ. पण घातलं. एरंडेल घरातूनच नेलं होतं. सौ.ला वाटलं, माझ्या पोटाला.
येताना कडेगावपर्यंत कान देऊन बसलो. एक ठोका नाही.

२६ ऑक्टो., भाऊबीज.
आक्कानं ओवाळलं. तबकात मोटारीची चावी ठेवली. बदल्यात पट्टी माझ्या नावे. सोमवारी, ४ तारखेला, विट्याच्या कचेरीत कागद. आक्का रडली. आल्यागेल्याला सांगत सुटली, "लोकं भनीला चोळी घालत्यात. माज्या भावानं मोटार घातली." दिन्याचा बाप मेला तेव्हापासून तिच्या दारात कोणी काही आणून ठेवलं नव्हतं, हे खरं आहे.
दिनकरनं मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडून कान लावला. "मामा, येवढी जुनी आन् आवाज न्हाई! लय जपलीसा."
होय म्हणालो.
घरी सौ. माझा कोट झाडत बसलेली. खिशातला भुसा तळहातावर घेतला आणि हसली. "आवं, भनीच्या वटीत ह्यो घातलासा व्हय?" तिला कळतं सगळं. मग म्हणाली, "पट्टी झ्याक हाय. आता तोंड मिटून बसा."

२९ ऑक्टो., मंगळवार.
हॉटेलात चहा पीत होतो. दि. आला. "मामा, सकाळी चालू करताना हँडल लय जड जातंय. दोघं लागत्यात."
म्हटलं, म्हाताऱ्याचे सांधे सकाळी आखडतात, तसंच. हसला. मग म्हणाला, पलटणीत गाडीचा चार्ज घेतला की आधी सगळं जुनं तेल काढायचं, इंजिन घासलेटनं धुवायचं, नवं भरायचं आणि मगच सही करायची. तसं करतो.
म्हणालो, खबरदार. जुन्या इंजिनाला जुन्या तेलाची सवय असते. धुतलंस की मळ सुटतो. त्या मळानंच सांधे धरलेले असतात. चारी बाजूंनी गळायला लागेल.
हे खोटं नाही. कुठल्याही मिस्त्रीला विचारा. खरं बोललो की जिवाला बरं वाटतं.
"बरं मामा, तुमी म्हंताय तर ऱ्हाऊ दे." लहानपणापासून ऐकतो माझं. हॉटेलवाला आणि पोस्टमन दोघांनी हे ऐकलं. तेही बरं झालं.

१ नोव्हें., शुक्रवार.
अन्न जात नाही. जिभेवर एरंडेलाची चव असल्यासारखं वाटतं. मी घेतलेलंही नाही.
आमचा मुलगा वसंता पट्टीत जाऊन पावलांनी मोजून आला. बांध कुठून फोडायचा ते ठरवतोय. कागद व्हायचा आहे अजून. म्हटलं, दमानं घे. "दम तुमी धरा," म्हणाला, "तुमच्या मोटारीत न्हाई त्यो."
उ. मिस्त्रीचा निरोप आला. भाच्याला सांगा, सपाटीलाच चालव, घाट चढू नको.
सांगितलं नाही. का म्हणून विचारेल.

२ नोव्हें., शनिवार.
संध्याकाळी दि. आला. हातात डबा. पलटणीतल्या दोस्तानं दिलेलं सीलबंद तेल. झाकण काढून बोटाला लावून दाखवलं. मधाच्या रंगाचं, पातळ, बोटावर ठरेना.
"मामा, तुमचं ऐकून धुतलं न्हाई. पर उद्या पयली खेप आईला घिऊन सागरेश्वराला. देवाला जाताना आत काळं तेल नगं. पहाटं काढतो आन् ह्ये भरतो. भरू का?"
विचारलं त्यानं. मला विचारलं.
पातळ तेल पडलं की ठोका उघडा. सागरेश्वराच्या घाटात बेरिंग सुटलं तर दांडी इंजिन फोडून बाहेर येणार. ब्रेक अर्धेच लागतात. मी उतार गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर सांभाळायचो; इंजिन गेलं की तेही नाही. हे त्याला ठाऊक नाही.
परत नको म्हटलं असतं तर त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं. आणि दुसरं एक मनात आलं. तेल त्यानं बदललं तर पुढं जे होईल ते त्याच्या तेलानं. मी तर नको म्हटलं होतं, दोघांसमोर.
म्हणालो, "भर बाबा. तुझी मोटार. गिअरपेटी तेवढी उघडू नकोस."
पाया पडला. बोटावरचं तेल माझ्या धोतराला लागलं.

३ नोव्हें., रविवार.
मोटार दारात उभी आहे. मी घरात बसून ठोका ऐकतोय. पातळ तेलात अगदी स्वच्छ येतो. एकाच्या जागी आता दोन.
बाहेर दि. सांगतोय, "नवं तेल हाय मामी, जरा बोलतंय. चढाला लागली की गप हुईल."
आक्का आत आली. नवं लुगडं, हातात नारळ. "ऊठ. म्होरल्या शिटावर तू बसायचं. देणारा बसल्याबिगर पयली खेप हलायची न्हाई."
गुडघा दुखतो म्हटलं.
"मंग दिन्या उचलून चढवंल. लहानपणी तू त्याला उचलत हुतास तसा."
मी सौ.कडे पाहिलं. वाटलं, ही काहीतरी सांगून अडवेल. दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "जावा की. मोटार तुमचीच व्हती. आन् उद्या हायेच कागदाचा सोमवार." मग पदर तोंडाला लावून चुलीकडे गेली.
मी वही काढून बसलो. आक्काला वाटलं, महत्त्वाचं काही आहे. बाहेर जाऊन थांबली आहे. चाकाखाली लिंबू ठेवतायत.
कोट चढवला. खिशाच्या शिवणीत अजून भुसा आहे.
आता बोललो तर पट्टी जाते, आणि आक्का पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही. नाही बोललो तर घाट
हॉर्न वाजला. आलो म्हणून ओरडलोय.