उजेडात धरलेली बाटली

आई,
आधी तुझ्या पाया पडतो, मग खुशाली सांगतो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

औषधांच्या कारखान्यात माझं काम तसं सोपं. पट्ट्यावरून सरकणारी प्रत्येक बाटली दिव्यासमोर बघायची, आत काचेचा कण नाही ना. सकाळी डोळे ताजे असतात, म्हणून लहान मुलांची औषधं मी सकाळीच मागून घ्यायचो आणि दुपारी खोकी बांधायचो. कामही भराभर उरकायचं.

काल नव्या साहेबांनी तीच औषधं दुपारी लावली. मी बघत होतो, पण लक्ष लागत नव्हतं. भानावर आलो आणि पट्टा थांबवला. साहेब म्हणाले, "झेपत नसेल तर घरी जा." हाताशी होत्या तेवढ्या बाटल्या पुन्हा तपासल्या, तर एकीत कण निघाला. बाकीच्या गाडीतून गेल्या होत्या. त्या परत मागवायला साहेब तयार नाहीत.

उद्या सकाळी, डोकं ताजं असताना, मोठ्या साहेबांकडे जाणार आहे. नोकरीचं काय होईल ते होवो, तू काळजी करू नकोस.

ताईला एवढंच सांग, बाळाला औषध देण्याआधी बाटली उजेडात धरून बघत जा.

तुझा,
धाकटा