फाटकावरची मुलगी आणि मराठीचा वर्ग

प्रति,
मा. प्राचार्य,
कन्हानतीर महाविद्यालय, सौंसर

विषय : एम.ए. मराठीचा वर्ग सुरू ठेवणे व फाटकावरील छायाचित्राबाबत.
संदर्भ : ‘जागतिक मागणी नसलेले विषय’ ही आपली सूचना.

महोदय,

मी आपल्याच ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. समोर येऊन बोलणे मला जमत नाही, म्हणून लिहीत आहे. माझे चुकत असल्यास कागद बाजूला ठेवावा.

आपण परदेशी विद्यापीठाशी करार केला आणि आता मराठीचा वर्ग बंद करून त्या खोलीत ‘ग्लोबल कक्ष’ उघडणार आहात. मराठीला जगात मागणी नाही, असे सल्लागार कंपनीने आपणास कळवले म्हणे. सौंसरात ती आहे काय, हे विचारण्यास तिला वेळ मिळाला नसावा.

पाहुण्यांच्या भेटीची तारीख आपण त्यांच्या कॅलेंडरवरून ठरवली. ती नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची निघाली. विद्यार्थी, प्राध्यापक, शिपाई सारे पांढुर्ण्याला गोटमार पाहायला गेले. मग कॅन्टीनच्या माणसांना आणि मला कोट घालून पहिल्या रांगेत बसवण्यात आले. विद्यार्थी कोठे आहेत, असे पाहुण्यांनी विचारताच आपण ‘क्षेत्रीय संशोधनासाठी गेले’ असे सांगितले. नदीच्या दोन काठांवरून दगड मारण्यास संशोधन म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते. माझे वाचन अपुरे असावे.

खरी विद्यार्थिनी एकच हजर होती : मराठीच्या वर्गातील कु. प्रणाली गजभिये. तिची आई शांताबाई रामाकोन्याला दुसऱ्यांच्या बागेत संत्रे तोडते. पाहुण्यांशी प्रणालीच बोलली. तिचेच छायाचित्र आता फाटकावर ‘जगासाठी सज्ज’ या अक्षरांखाली झळकत आहे, आणि तिचाच वर्ग बंद होत आहे. परवा ती मला म्हणाली, “सर, बोर्डावर मी हासून राहिली, अन् वर्गाले कुलूप लागून राहिलं.”

तिला नागपूरला ठेवून शिकवणे घरच्यांना झेपणारे नाही. वर्ग गेला तर ती बोरगावच्या कारखान्यात पॅकिंगला जाईल.

विद्यार्थीसंख्या कमी पडत असल्यास मला प्रवेश द्यावा. या वयात परीक्षेत टिकेन याची खात्री नाही. परंतु त्या दिवशी मी श्रोता म्हणून चाललो, तर विद्यार्थी म्हणूनही चालावे.

तेही अशक्य असल्यास छायाचित्र तेवढे उतरवावे. रामाकोन्याहून बोरगावला जाणारी बस या फाटकासमोरूनच जाते.

आपल्या पहिल्या रांगेतला,
सुधाकर बन्सोड
सौंसर, १७ नोव्हेंबर २०२५

सोबत : समारंभाचा कोट, धुऊन. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी लागेल.