दोन बोटं जास्तीची होडी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (खरोखर घालणार होतो, पण आईने आत्ताच फरशी पुसलीय, म्हणून पलंगावर पालथं पडून घातला. पोचला समजावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा राग कसा आहे? आणि तुमच्या पुढच्या खोलीतली आपली होडी कशी आहे? मामी अजून तिच्यात इस्त्रीचे कपडे रचून ठेवतात का? ठेवू देत. होडीला वजनाची सवय राहते. महिनाअखेरीला ती बाहेर काढतो असा मी मामींना शब्द दिला होता, त्याबद्दल पुढे लिहीनच, किंवा विसरेनही. माझं तुम्हाला माहीतच आहे.

तर बातमी अशी, की समुद्रापलीकडच्या त्या होड्या बांधायला शिकवणाऱ्या शाळेने मला वर्षभरासाठी बोलावलंय. मला! ज्याने शाळेच्या दारापेक्षा शाळेचं कुंपणच जास्त वापरलं! त्यासाठी जो व्हिसा लागतो त्याला अदलाबदलीच्या पाहुण्यांचा व्हिसा म्हणतात. हे नाव ऐकून बाबांनी वाचता वाचता पेपर खाली ठेवला (ते सहसा ठेवत नाहीत) आणि विचारलं, "म्हणजे ह्याच्या बदल्यात आपल्याला दुसरा कोणीतरी मिळणार? मग थांबलाय कशाला?"

पण नुसतं शाळेने बोलावून भागत नाही. काचेच्या खिडकीमागे एक अधिकारी बसतो आणि तो ठरवतो, की हा प्राणी वर्ष संपल्यावर घरी परतेल की तिकडेच मुक्काम ठोकेल. त्याला पटलं नाही तर शाळा गेली आणि मी पुन्हा बेकरीत ट्रे घासायला. मामा, तुम्हाला म्हणून सांगतो, आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट शेवटपर्यंत शिकावीशी वाटत होती. आणि पंचाईत अशी, की परत येणं ह्या एका विषयात माझं नाव घरात फारच खराब.

तयारी ताईने हातात घेतली. ती बँकेत काउंटरवर बसते, त्यामुळे काचेमागून माणसाला कसं घाबरवायचं ते तिला छान येतं. स्वयंपाकघराच्या सरकत्या खिडकीच्या आत अधिकारी, बाहेर मी, असा सराव सुरू झाला. पहिली पाळी आईची. तिने विचारलं, "जेवलास का?" मी हो म्हणालो. तिने व्हिसा दिला. ताई म्हणाली, "आई, तू ऊठ बघू." मग बाबा बसले. "दूध आणायला पाठवलं होतं, तेव्हा परत कधी आलास?" म्हटलं, दुसऱ्या दिवशी. "आणि दूध?" (त्याचं असं झालं होतं मामा, वाटेत एका ट्रकचं चाक बदलत होते, मी जरा हात लावला. मग त्यांना पुढचा रस्ता सापडेना, म्हणून दाखवायला ट्रकमध्ये बसलो. दूध ड्रायव्हरच्या चहात गेलं. चहा झाला मात्र फक्कड.) बाबांनी खिडकी लावून घेतली आणि आतून फक्त आवाज आला, "नामंजूर."

शेवटी ताईने उत्तर पाठच करून घेतलं. "माझी पाळंमुळं इथे आहेत. घर, नोकरी, मालमत्ता." आता घर बाबांचं, नोकरी बेकरीवाल्याच्या मर्जीची, आणि मालमत्ता म्हणजे सायकल, तिचीही सीट मित्राची. तरी केलं पाठ. आंघोळीत म्हटलं, जिन्यात म्हटलं, झोपेतही म्हटलं असं आई सांगते.

मुलाखतीच्या दिवशी तुम्ही शिवलेला कोट घातला आणि बराच आधी निघालो. (वाटेत एक रंगारी शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता आणि शिडी डुगडुगत होती. अशी शिडी बघून पुढे जाणारा माणूस कसला? धरली. कोपरावर निळा डाग पडला. पण वेळेत पोचलो, हे बाबांना तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून त्यांना खरं वाटत नाही.)

खिडकीमागे चष्मेवाल्या बाई होत्या. शाळेचं विचारून झालं, ते बरं गेलं. मग त्यांनी विचारलं, "वर्ष संपल्यावर तुम्ही परत कशासाठी येणार?" आणि मामा, माझी सगळी पाळंमुळं जागच्या जागी उपटली गेली. एक अक्षर आठवेना. तोंडातून निघालं, "होडी अडकलीय." त्या म्हणाल्या, "कुठे?" म्हटलं, "मामांच्या पुढच्या खोलीत."

मग काय, सुटलोच. सांगितलं, की दार आम्ही आधी मोजलं होतं, दारातून बाहेर निघेल अशीच होडी आखली होती. पण मामा पडले शिंपी. कापताना त्यांचा हात ऐकेना. उद्या अंग भरलं तर उसवून ढिलं करता यावं, म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जास्तीची सोडली. बाईंना उमजेना, म्हणून मी कोट काढला, उलटा केला आणि आतल्या शिवणीत तुम्ही किती कापड दाबलंय ते काचेला लावून दाखवलं. पहारेकरी लगबगीने पुढे आला. (त्यालाही शिवण बघायची असावी.)

"मग तुम्ही मामांना अडवलं का नाही?" बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, कापडासारखं लाकूडही पाण्यात घातलं की आटत असेल."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. शेजारच्या खिडकीतल्या साहेबांना बोलावलं आणि मला म्हणाल्या, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं, कोटासकट. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्या शाळेची फारच गरज आहे," आणि माझा पासपोर्ट ठेवून घेतला. ठेवून घेतला म्हणजे काम झालं, हे मला कुठे ठाऊक? मी आपला तो परत मागत उभा! अखेर पहारेकऱ्यानेच दंडाला धरलं, "अहो, मिळाला व्हिसा, आता निघा!"

घरी आई रडली, ताईने "पाळंमुळं म्हणालास ना?" असं विचारलं, मी मान डोलावली. (कुठल्या दिशेने ते तिने नीट पाहिलं नाही.) संध्याकाळी बाबांनी मला दूध आणायला पाठवलं. मी सरळ गेलो आणि सरळ आलो. बाबा दारातच उभे होते.

मामींना लांबूनच नमस्कार.

कुठेही भटकला तरी तुमचाच,
भाचा

ता.क. : महिनाअखेर म्हटलं होतं, ते पुढच्या वर्षअखेर समजावं. मामींना तुम्ही सांगा, तुमचा गुडघा दुखत असतो तेव्हा त्या जरा मऊ असतात. खरं तर एवढंच लिहायला पत्र घेतलं होतं. होडी गेली, तर माझं परत यायचं कारणच गेलं.

ता.क. दुसरा : त्या बाईंना होडी पाण्यात उतरल्याचा फोटो हवाय. खोलीचं दार पाडा असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहऱ्यावरून त्यांची हरकत दिसली नाही.

ता.क. तिसरा : आत्ताच ताई सांगतेय, मामींनी रविवारी सुताराला करवत घेऊन बोलावलंय. तो येऊन गेला असेल, तर मला कळवू नका. गुपचूप तशीच दुसरी बांधायला घ्या. आणि मामा, दोन्ही बाजूंची ती दोन-दोन बोटं तेवढी विसरू नका.