खड्याखालचा केस

७ जुलै
पनवेलच्या प्रयोगशाळेत आज रुजू झाले. करंजाड्यात घर, रियाची शाळा चालत पाच मिनिटं. आम्हा मायलेकींना आणखी काय हवं! सत्यजीत सरांनी शीतयंत्र दाखवलं नि म्हणाले, मिताली, आजपासून हे तुमचं बाळ. आत ठेवायचाय डिस्प्रोसियम या चुंबकी धातूच्या संयुगाचा खडीसाखरेएवढा खडा. त्यातले अणू त्रिकोणात बसतात आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं. दोघांचं जमतं, तिसऱ्याची पंचाईत. कितीही गारठवा, हे भांडण मिटत नाही. थेट आमच्या सासरसारखं.

९ जुलै
खडा यंत्राच्या तांब्याच्या पट्टीवर वार्निशने चिकटवला. सूक्ष्मदर्शकातून पाहते तर खाली माझाच केस. सकाळीच डोक्यावरून न्हायले होते. ओढावा तर खडा फुटणार. एका केसाने काय होतंय, म्हणून यंत्र सुरू केलं. तंत्रज्ञ प्रभाकर जवळच्याच ओवे गावचे, वीस वर्षं इथे आहेत. त्यांनी तोंड वाकडं केलं. "मॅडम, आपलं काय आत ठेवाचं नाय." मी हसण्यावारी नेलं.

१४ जुलै
यंत्र उणे दोनशे बहात्तर अंशांवर. सकाळी हातावर उकळता चहा सांडला. फोड दिसला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणतात, नसा ठीक आहेत.

१७ जुलै
तापमान आणखी उतरवलं. आईचा फोन आला, मावशी गेली. बरं म्हटलं आणि आलेख काढत बसले. रडू आलंच नाही, याची मात्र भीती वाटली. घरी रियाला पोटाशी धरलं. उशी धरल्यासारखं वाटलं.

१८ जुलै
प्रभाकर म्हणाले, यंत्र गरम करा, केस काढा, दोन दिवसांत माणसात याल. पटलं. पण दुपारी आलेखाने टोक गाठलं. भांडण मिटलं, सगळे अणू शिस्तीत उभे! असं अजून कुणी पाहिलेलं नाही. सरांनी पेढे वाटले. गरम केलं तर खडा तडकेल. सोमवारी बघू.

२१ जुलै
गरम केलं नाही. भीतीही गेली. ती परत हवी होती, रियासाठी— का ते नीट आठवत नाही.

२३ जुलै
प्रभाकर यंत्र बंद करायला बटणापाशी गेले. मी हात धरला. ते रडले. कशाला—

२४ जुलै
घरी. रिया ओरडतेय. बराच वेळ. तिचं बोट दाराच्या फटीत आहे. दार मीच दाबून धरलंय. डाव्या हाताने. उजव्याने हे लिहितेय. सोडायला हवं, एवढं कळतं. का, ते मात्र—